आईचा टॅब पुढं आहे

आता यात दचकण्यासारखं काय होतं, असं कुणीही म्हणेल. सकाळची वेळ होती. उस्मानपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या गॅलरीत डिसेंबरचं कोवळं ऊन आलं होतं, आत भानुमतीबाई स्तोत्र म्हणत अंघोळ करत होत्या, आणि वैजनाथराव चहा संपवून आपलं वाचायचं यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी बायकोला जे वाचून दाखवायचं ते सकाळी एकदा नजरेखालून घालायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. यंत्र उघडलं तशी पडद्यावर एक चौकट उगवली. मोठ्या अदबीनं, इंग्रजीत, तिनं कळवलं की हे पुस्तक 'आईचा टॅब' इथं तेराव्या प्रकरणापर्यंत वाचून झालेलं आहे, आपल्याला तिथं जायचं आहे काय? खाली हो आणि नाही. वैजनाथराव होते नवव्या प्रकरणाच्या शेवटाशी. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. चौकट होती तिथंच होती. न्हाणीघरात तांब्या बादलीवर आपटला आणि या भल्या माणसाचं काळीज लक्कन हललं. घाईघाईनं त्यांनी 'नाही'वर बोट टेकवलं आणि यंत्र बाजूला ठेवून उगाच तुळशीच्या कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागले.

गोष्ट अशी की भानुमतीबाईंना वाचता येत नव्हतं. एरवी त्या वाचनाच्या अशा वेड्या, की लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त निघाली होती, आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण काही वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं लागलं. मधलंच दिसेना. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक नाही. ओळीची दोन्ही टोकं दिसायची आणि मधला शब्द कुणी खाऊन टाकल्यासारखा गायब. डॉक्टरांनी डोळ्यात सुया दिल्या, आहे तेवढं टिकेल म्हणाले, वाचनाचं मात्र आता विसरा म्हणाले. भिंग आणून बघितलं, तर भिंगाखाली तो नसलेला शब्दच मोठा झाला. त्या दिवशी बाईंनी पुस्तकांचं कपाट आतून-बाहेरून पुसून घेतलं, दार लावलं, "चला, सुटले बाई एकदाची" असं म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. तांदळातला खडा बोटाला कळतो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वैजनाथराव एक कादंबरी घेऊन त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले, घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला लागले. तेव्हापासून या घरात दुपार म्हणजे वाचन. पाहुणे येवोत, वीज जावो, लेकाच्या लग्नाची वऱ्हाडी मंडळी ओसरलेली नसोत, दुपारी अर्धा-एक तास हे वाचणार आणि त्या काहीतरी निवडत-सोलत ऐकणार. नव्या सुनेला, वैदेहीला, आधी वाटलं की ही काहीतरी घरातली पोथी आहे, आणि ती बिचारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

वाचून दाखवण्यात वैजनाथरावांचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण जन्म त्यातच गेला होता. जिल्हा न्यायालयात ते लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, हे लिहून घ्यायचे, आणि शेवटी त्याची जबानी त्यालाच वाचून दाखवायची; तो 'बरोबर आहे' म्हणाला की खाली सही नाहीतर अंगठा. वाचताना एक अक्षर इकडचं तिकडं करायची मुभा नाही. पैठणकडची एखादी म्हातारी आपल्या लेकाचा खून कसा झाला ते सांगून मोकळी व्हायची, आणि तेच सगळं, कुऱ्हाडीच्या घावांसकट, हे तिला तिच्या तोंडावर पुन्हा वाचून दाखवणार. ती ऐकता ऐकता पदर तोंडात कोंबायची. वैजनाथरावांच्या मनात यायचं, की एवढं एक वाक्य गाळलं तर काय आभाळ कोसळणार आहे? पण गाळलं नाही कधी. सगळी नोकरी झाली, एक शब्द गाळला नाही की घातला नाही. साहेब लोक म्हणायचे, वैजनाथ वाचतो ते दगडावरची रेघ. असा हा दगडावरच्या रेघेचा माणूस निवृत्त झाला, आणि बायकोला वाचून दाखवायला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यानं एका नावाड्याला वाचवलं.

झालं असं, की भानुमतीबाईंचे माहेरचे, कन्नड गावचे थोरले भाऊ अण्णा त्याच महिन्यात वारले होते. आणि पुस्तकात तो नावाडी, चांगला बोलका, हसरा माणूस, पुराच्या पाण्यात उतरला. वैजनाथरावांची नजर एक ओळ पुढं होती. त्यांना दिसलं की पुढच्या ओळीत पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. बाईंचे हात सुपात थांबले होते. आणि वैजनाथरावांचं तोंड, कुणी शिकवल्याशिवाय, आपणहून म्हणालं, "एवढ्यात त्याचा हात काठावरच्या मुळाला लागला." बाईंनी श्वास सोडला. हात पुन्हा चालायला लागले. पुढचं अख्खं प्रकरण नावाडी जिवंत ठेवताना वैजनाथरावांना घाम फुटला, कारण पुस्तकात त्याची बायको विधवा झाली होती आणि यांना तिचं कुंकू वाक्यावाक्याला सांभाळावं लागत होतं. पण जमलं. जमलं म्हणजे काय, त्या दिवशी त्यांना रात्री झोपताना असं गार वाटलं की जणू खरंच कुणाला तरी बाहेर काढलंय. मग चटकच लागली. त्यांच्या दुपारच्या वाचनात रुसून गेलेल्या बहिणी परत आल्या, पोस्टात हरवलेली पत्रं मिळाली, म्हाताऱ्यांची दुखणी काढ्यानं बरी झाली. फार नाही हं. सगळंच गोड केलं तर बाई ओळखणार, हे कळण्याइतके ते हुशार होते. एखाद्या खडूस सावकाराला ते निमूटपणे मरू देत. पण जिथं बाईंचा जीव गुंतला असेल तिथं वैजनाथराव सुईदोरा घेऊन हजर.

आणि या कामाला कागदाचं पुस्तक म्हणजे बिलंदर साथीदार. ते कुणाला काही सांगत नाही. पेन्सिलीनं समासात एक बारीकसा ठिपका दिला की समजायचं, इथून आपण आपल्या वाटेनं. आणि उजव्या हातातल्या पानांच्या जाडीवरून कळायचं की अजून किती लांबवर हे प्रकरण रेटत न्यायचंय. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांना तो कुबट-गोड वास असायचा, कुणीतरी मध्ये ठेवलेलं एसटीचं तिकीट निघायचं, कोपरा ओला करून उलटायच्या खोडीनं पानं फुगलेली असायची. वैजनाथरावांना त्या वजनाची सवय होती. छातीवर पुस्तक असलं की माणूस घरात आहे असं वाटायचं. पण मनगट दुखायला लागलं, मान धरायला लागली, आणि दिवाळीला पुण्याहून मुलगा वरद आला तो हे यंत्र घेऊनच. साबणाच्या वडीएवढं हलकं, आणि पोटात म्हणे वाचनालय. आईकडं व्हिडिओ कॉलसाठी टॅब होताच, त्यानं दोन्ही एकाच खात्यावर जोडून दिलं, टॅबला 'आईचा टॅब' असं नाव दिलं आणि म्हणाला, "बाबा, याची गंमत बघा, हे स्वतःसुद्धा वाचून दाखवतं." त्यानं बटण दाबलं. एक बाई बोलायला लागली. शुद्ध, स्वच्छ, न थकता. वैजनाथरावांनी हातातली करंजी ताटात परत ठेवली. भानुमतीबाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद कर रे. ही बया तहसीलच्या नोटिशीसारखं वाचू राहिली. यांचं बरं आहे." यांचं बरं आहे! दिवाळीचा फराळ वैजनाथरावांना त्या दिवशी खरा गोड लागला.

तर आता हा आईचा टॅब तेराव्या प्रकरणात जाऊन बसला होता. चुकून बोट लागलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चुकून बोट लागून माणूस एखादं पान पुढं जातो, चार प्रकरणं नाही, हेही त्यांनीच स्वतःला सांगितलं. वरद वाचत असेल म्हणावं तर तो मोबाईलवर शेअर बाजाराशिवाय काही वाचत नाही. तेवढ्यात सरूबाई आली. ही स्वयंपाकाला येणारी बाई, मूळची कन्नडकडची, भानुमतीबाईंच्या माहेरची म्हणून हक्कानं वागणारी. दुपारी भांडी विसळता विसळता तीही सगळं ऐकायची, आणि आपल्या वस्तीत जाऊन ते वैजनाथरावांच्या दुरुस्तीसकट सांगायची. वैजनाथराव कणकेच्या डब्याकडं बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सरूबाई, बाई सकाळी काय करतात गं, मी फिरायला गेल्यावर?"

"काय करत्यात? ती काळी पाटी घेऊन बसत्यात की."

"कॉल करतात?"

"नाय ओ. वाचत्यात. लई मोठाले अक्षर करत्यात, ह्ये एवढाले, बोराएवढे. पाटी काळी अन् अक्षरं पांढरी. नाकाला टेकवून वाचत्यात, मान अशी वाकडी करून, कोंबडीवानी." सरूबाई हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "तुमाला ठावं नव्हतं व्हय? मला वाटलं, तुमीच शिकिवलं."

"हो हो. मीच," वैजनाथराव म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. आतून भानुमतीबाईंनी विचारलं, "अहो, कुठं निघालात? तुरीच्या शेंगा आणा मग येताना, कोवळ्या बघून." आवाज नेहमीचाच. त्या आवाजात काही शोधायचं म्हटलं तरी सापडेना.

रस्त्यावर ऊन चढलं होतं. वैजनाथराव फिरायला जात ते रोज उलट्या बाजूला, पण आज पाय आपोआप क्रांती चौकाच्या दिशेनं वळले, इतकी वर्षं कोर्टात जायची ती वाट होती. रिक्षावाले हॉर्न दाबत होते, कुणी कुणाला "चल ना मियाँ, क्या देखता" म्हणत होतं, आणि वैजनाथरावांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. हे पुस्तक चालू होऊन आठवडे झाले. एका नव्या लेखिकेची जाडजूड कादंबरी. चार भाच्यांना आईच्या मायेनं वाढवणारी काशीआत्या, भाचे मोठे होऊन आपापल्या वाटेनं जातात, आत्या त्या घरात मागं राहते. तिसऱ्या प्रकरणात धाकट्यानं आत्याला नको ते बोलून घराबाहेर पाऊल टाकलं होतं. वैजनाथरावांनी ते बोलणं गाळून त्याला नुसता नमस्कार करायला लावला होता. सातव्यात आत्याच्या पाटल्या विकल्या गेल्या होत्या. यांनी त्या सोनाराकडून परत आणल्या होत्या. म्हणजे हिनं सकाळी खरं वाचायचं आणि दुपारी समोर बसून यांचं ऐकायचं, मान डोलवत, "बरं झालं बाई" म्हणत! बरं झालं बाई म्हणाली होती ती, पाटल्यांच्या वेळी, स्पष्ट आठवतंय. वैजनाथरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर ज्याच्या वाचण्यावर कोर्टानं विश्वास ठेवला तो माणूस घरच्या सतरंजीवर खोटा ठरला, आणि तेही रोज, आणि ज्याला फसवतो असं वाटत होतं तोच समोर बसून गंमत बघत होता. मनातल्या मनात हसत असेल. बहिणीला फोनवर सांगत असेल. अहो, काय सांगू, आज यांनी पाटल्या परत आणल्या! वैजनाथराव चौकात सिग्नलला थांबले. त्यांना वाटलं, आता आपण सरळ घरी जावं आणि सांगावं, तुला येतंय ना वाचता, मग वाच, माझा घसा मोकळा.

आणि तिथंच, सिग्नल सुटून मागचा स्कूटरवाला "ओ काका, सरका की" म्हणून ओरडायच्या बेतात असताना, त्यांच्या डोक्यात ते शिरलं. तुला येतंय ना वाचता. अरे! तिला वाचता येतंय! सकाळपासून आपण हरवलेल्या इज्जतीचा पंचनामा करतोय, आणि ही केवढी मोठी गोष्ट आपल्या लक्षातच आली नाही. कपाट पुसून दार लावणारी ती बाई, 'सुटले' म्हणताना जिचा आवाज मध्येच तुटला होता, ती सकाळी एकटी बसून बोराएवढ्या अक्षरांतून एकेक शब्द वेचते आहे, कोंबडीसारखी मान वाकडी करून. डोळ्याच्या कडेनं दिसतं म्हणून मान वाकडी. डॉक्टरला जे सुचलं नाही, वरदला जे माहीत नव्हतं, आपल्याला जे यंत्र हातात असून कळलं नाही, ते तिनं चाचपडत शोधून काढलं. केवढी जिद्दीची बाई! वैजनाथरावांना एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले, आणि रस्ता ओलांडून गेल्यावर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर जरा टेकले. कागदाच्या पुस्तकानं तिला कधीच सोडून दिलं होतं. या साबणाच्या वडीच्या जातीच्या वस्तूनं तिला पुन्हा आत घेतलं. त्याला आपण दिवाळीपासून मनातल्या मनात शिव्या देतोय. खरंच, एवढा आनंद त्यांना पेलेना. पायरीवर बसून त्यांनी समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला उगाच "चांगलं ऊन पडलंय" असं सांगितलं, आणि त्या माणसानंही "हौ ना" म्हणून दाद दिली.

पण शेंगा घेऊन परत निघाल्यावर, पिशवी हातात हलत असताना, त्या आनंदाच्या मागून हळूच दुसरं काहीतरी चालत यायला लागलं. तिला वाचता येतंय, म्हणजे आता दुपारी आपण कशाला? कोर्ट सुटलं तेव्हा वैजनाथरावांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. लेक पुण्याला गेला, तेही पचलं. कारण जेवण झाल्यावर सतरंजीवर कुणीतरी वाट बघतंय, हे पक्कं होतं. घरात आपण लागतो असं एकच काम उरलं होतं, आणि तेही आता लागत नाही. तिनं सांगितलं नाही ते यासाठीच असणार. म्हाताऱ्याचं मन राखायला ऐकत बसली. दया केली! हे काही वैजनाथरावांना सोसेना. त्यांनी ठरवलं. आज जसं लिहिलंय तसं वाचायचं, कोर्टात वाचायचो तसं, एक अक्षर न गाळता. मग यंत्र तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, आता तू तुझं वाच. रुसून नाही, चांगल्या तोंडानं. नवव्या प्रकरणाचा शेवट आणि दहावं, आज नेमकं तेच होतं, काशीआत्याचं मरण. सकाळी वाचून ठेवायचं राहिलं होतं, पण पुस्तकाचा कल बघून माणसाला अंदाज येतोच.

जेवणं झाली. सरूबाई आत भांडी घासत होती. भानुमतीबाई गॅलरीच्या दाराशी उन्हाच्या पट्ट्यात बसल्या, पुढं सूप, मांडीशी शेंगांचा ढीग. हिरवे दाणे सुपात टपटप पडायला लागले. वैजनाथरावांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. आत्या तापानं पडली होती. शेजारीण दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी तिच्या माहेरी लग्न होतं. आत्यानं मधल्या भाच्याला निरोप धाडला होता, तो आला नाही. वैजनाथराव वाचत होते. आवाज कोर्टातला, सरळ, चढ नाही उतार नाही. आत्याला तहान लागली, माठ चार पावलांवर होता. आत्या अंथरुणातून दाराकडं बघत होती. दार उघडं होतं. रस्त्यावरून कुणीतरी गेलं, आत्याला वाटलं आला, तो नव्हता. शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता. पडद्यावरची अक्षरं मात्र ढिम्म. संध्याकाळी दिवा लावायला कुणी नव्हतं. "आणि उजाडताना," वैजनाथरावांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत, "आणि उजाडताना आत्या त्या घरात..."

"थांबा," भानुमतीबाई म्हणाल्या.

ते थांबले.

"आज असं काय वाचू राहिलात? कोरडं कोरडं."

"जसं लिहिलंय तसं वाचतोय."

"लिहिलेलं मी वाचलंय."

इतकं साधं म्हणाल्या त्या, मीठ कमी आहे म्हणावं तसं. आतला नळ बंद झाला. सरूबाई ऐकत असणार. वैजनाथराव यंत्राकडं बघत म्हणाले, "माहीत आहे. त्यानंच चुगली केली. तेराव्यात आहेस तू."

"बघा, आणि मी समजत होते मुकं आहे बिचारं." बाई हसल्या, आणि मग हसू आवरून सुपातले दाणे उगाच चाळवायला लागल्या. "दिवाळीपासून वाचतेय. आधी चार ओळींत डोळा शिणायचा. आता थांबत थांबत सकाळभरात एक प्रकरण उरकतं. पहिलं काय वाचलं, सांगू? तुम्ही मला सगळ्यात आधी वाचून दाखवलेलं. वरदकडून मागवलं. म्हटलं, ओळखीचं आहे, अडखळले तरी कळेल." त्या थांबल्या. "नावाडी बुडतो हो त्यात."

वैजनाथरावांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसायला घेतला.

"मला एवढा राग आला तुमचा! दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही, तुम्हाला वाटलं फराळानं पित्त झालं. अहो, मी काय कुकुलं बाळ आहे? मरण ऐकवत नाही मला? अण्णांचं मरण बघून आले होते मी, पुस्तकातलं काय घेऊन बसलात. मला विचारायचं तरी." त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढला याचंच वैजनाथरावांना बरं वाटलं, दया करणारं माणूस असं ओरडत नाही. "मग दुसरं वाचलं. मग तिसरं. जिथं जिथं माझा जीव अडकला होता, तिथं तिथं तुम्ही आधीच जाऊन काहीतरी करून ठेवलेलं. आता तुम्हीच सांगा, माणसानं किती दिवस रागवायचं?"

"मग तू ऐकत का बसतेस?" वैजनाथरावांनी विचारलं. "तुझं तुला येतंय. माझ्या मनासाठी कशाला?"

"तुमच्या मनासाठी!" बाईंनी डोळे वटारले, आणि ते वटारलेले डोळे नेहमीसारखे त्यांच्या कानाकडं बघत राहिले, कारण सरळ बघितलं तर समोरचं बाईंना दिसत नव्हतं. "काय पण समजूत. मी सकाळी पुढचं वाचून ठेवते ते कशासाठी? की बघू, आज हा माणूस यातून कसा वाट काढतो. पाटल्या गेल्या त्या दिवशी मी सकाळपासून म्हणत होते, आता काय करतील, आता तर सोनारानं वितळवल्यासुद्धा. आणि तुम्ही सोनाराच्या बायकोला मध्ये घातलंत! ती बाई पुस्तकात आहे तरी का?"

"नाही," वैजनाथराव म्हणाले. त्यांना हसू आवरेना.

"तेच म्हणते मी." त्या गुडघ्यावर हात टेकून जरा पुढं सरकल्या. "पुस्तकातलं मला पुस्तक सांगतं हो. ते आता माझं मला जमतंय, देवाची कृपा. पण यातलं तुमचं मला कोण सांगणार?"

आत सरूबाईनं न राहवून दारातून डोकं बाहेर काढलं. "काका, आत्याचं काय व्हतंय मंग? वाचती का नाय?"

वैजनाथरावांनी बायकोकडं बघितलं. त्यांची जीभ तयारच होती. मधला भाचा एसटीनं पोचला होता, डॉक्टर बोलावला होता, ताप उतरायला लागला होता, सगळं ओठांवर आलं होतं. भानुमतीबाईंनी शेंगेचं टरफल बोटांत चुरलं. गॅलरीतलं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर आलं होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत्याला जाऊ द्या आता. वय झालंय तिचं, दमली ती. फक्त एकटी नको जायला. तेवढं बघा तुम्ही."

जन्मात इतकी माणसं वैजनाथरावांनी वाचवली होती, कुणाला नीट पोचवून दिलं नव्हतं. समोर बसलेल्या या बाईचा हात त्यांच्या हाताजवळ सतरंजीवर टेकला होता, तुरीच्या हिरव्या वासाचा. त्यांनी यंत्र बंद केलं, ते मांडीवर उघड्या पुस्तकासारखं नीट धरलं, घसा खाकरला आणि पुढं वाचायला लागले.